'लेक व्ह्यू' आणि बुडीत

मुंबई-पुण्याच्या परिसरात गेल्या दीड-दोन दशकांत सायकलीने लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. शनिवार-रविवारी पहाटे ठाण्याच्या पुढे किंवा लोणावळ्याच्या अलीकडे उभे राहिले तर गिअरच्या सायकली, शिरस्त्राणे आणि मागच्या कॅरिअरला बांधलेल्या पिशव्या यांची रांगच दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा आक्षेप आहे तो या प्रवासांविषयी जे लिहिले आणि बोलले जाते त्याच्या भाषेला. पवना, मुळशी, ठोकरवाडी, वरसगाव या जलाशयांच्या काठाने जाऊन आलेला सायकलस्वार परत येतो आणि सांगतो, "अगदी स्वित्झर्लंड हो!" या एका वाक्यात बरेच काही हरवते, असे आम्हांस वाटते. काय हरवते, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही भाईंदर पूर्वेच्या केबिन रोड परिसरात राहणारे, महाविद्यालयांत मराठी शिकवणारे तिघे जण. दरवर्षी सत्रपरीक्षा आटोपल्या की तीन-चार दिवस सायकली काढतो. आमचा रस्ता ठरलेला आहे. घोडबंदरवरून ठाणे, तेथून कल्याण, बदलापूर, नेरळ, कर्जत, मग खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळा, आणि पुढे कामशेत-कान्हे फाट्यावरून टाकवे मार्गे आंदर मावळात. नकाशात पाहिले तर ध्यानात येईल की, घाटाखालचा हा रस्ता बराचसा उल्हास नदीला धरून उलट्या दिशेने जातो. राजमाचीच्या डोंगररांगांत उगम पावणारी उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या उत्तरेने वळते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदर आहे. म्हणजे आमचे गाव नदीच्या मुखाशी, आणि आमचा प्रवास मुखाकडून उगमाकडे.

आता युरोपातील तुलनेकडे वळू. आल्प्सच्या पायथ्याच्या टेकड्यांत कोमो, लुगानो, माज्जोरे अशी सरोवरे आहेत. हिमनद्यांनी हजारो वर्षे खोरी कोरली, हिम वितळले आणि त्या खोलगट दऱ्या पाण्याने भरल्या. कोमोची खोली चारशे मीटरहून अधिक आहे. या सरोवराच्या वर घिझाल्लो नावाच्या टेकडीवर मेरीमातेचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. तेथील मातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची संरक्षक म्हणून घोषित केले. तेथला सायकलस्वार सरोवर पाहतो तेव्हा तो निसर्गाने घडवलेली वस्तू पाहत असतो.

सह्याद्रीची गोष्ट निराळी आहे. येथे हिमनद्या नव्हत्या. घाटमाथ्यावर दिसणारी जवळजवळ सगळी मोठी सरोवरे माणसाने बांधलेली, आणि तीही गेल्या सव्वाशे वर्षांच्या आतली आहेत. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांनी लोणावळा परिसरात धरणे बांधली. १९१५ साली खोपोलीचे, १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. भिवपुरीला पाणी देण्यासाठी आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले, भिऱ्यासाठी मुळा नदीवर मुळशीचे. सायकलस्वाराला जो निळा विस्तार दिसतो तो एका खोऱ्याचा तळ होता. तेथे भातखाचरे होती, वाड्या होत्या, देवळे होती, नदीचे डोह होते.

म्हणूनच शब्दांकडे पाहावे लागते. मराठी शिकवणाऱ्यांना शब्दांचीच सवय, म्हणून आमचे लक्ष प्रथम तेथे गेले. रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवर 'लेक व्ह्यू', 'लेक साइड', 'बॅकवॉटर कॅम्पिंग' असे लिहिलेले असते. मावळातला माणूस मात्र 'लेक' म्हणत नाही, 'सरोवर' तर नाहीच नाही. तो पाण्यालाच 'धरण' म्हणतो. धरण भरले, धरण उतरले. पाणी पसरते त्याला तो 'फुगवटा' म्हणतो. आणि पाण्याखाली गेलेल्या जमिनीला 'बुडीत'. 'आमचं रान बुडीतात गेलं' या वाक्यात जो इतिहास आहे, तो 'लेक व्ह्यू'मध्ये नाही. एकाच जागेला दोन नावे असतात तेव्हा ती दोन ठिकाणी उभे राहून पाहिल्यामुळे पडलेली असतात. सायकलस्वार हॉटेलाच्या गच्चीवर उभा राहतो की बांधावर, हे त्याच्या शब्दावरून कळते.

मुळशीच्या बाबतीत या 'बुडीता'ची नोंद तरी झाली. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे सहकारी. सुमारे पन्नास गावांच्या जमिनीचा प्रश्न होता. सत्याग्रह हरला, धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यास करून त्याला जगातील धरणविरोधी चळवळींत आद्य स्थान दिले. इतके सगळे मराठीत उपलब्ध असताना मुळशीच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या सायकलस्वाराच्या वर्णनात सेनापती बापट बहुधा येत नाहीत.

याचे एक कारण आपल्या प्रवासवर्णनाच्या परंपरेतही असावे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' हा बहुतांशी पायी चालणाऱ्याचा ग्रंथ आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही नर्मदा परिक्रमेतून आलेली. पायी चालणाऱ्याला ज्याच्या ओसरीवर टेकायचे त्याच्याशी बोलावेच लागते. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात प्रवासवर्णन जहाजाने आणि विमानाने परदेशी गेले, लोकप्रिय झाले, आणि 'निसर्गसौंदर्य' म्हणजे काय याचा एक साचा मध्यमवर्गाच्या मनात पक्का झाला. तो साचा आपण नंतर सह्याद्रीवर बसवू लागलो. सायकलीच्या प्रवासाची परंपराही आपल्याकडे नवी नाही. १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा, जगाची फेरी पूर्ण करून १९२८ साली परतले. मराठी साहित्याने मात्र या वाहनाकडे फारसे गंभीरपणे पाहिले नाही.

साचा बसवण्याचे टोक म्हणजे लवासा. मोसे नदीवरच्या वरसगाव जलाशयाच्या काठी दासवे गावाच्या परिसरात इटलीतील पोर्तोफिनोच्या धर्तीवर शहर उभे राहिले. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टेमघरकडून लवासाचा चढ चढणे हे सायकलस्वारांमध्ये मानाचे समजले जाते. चढ चांगला आहे, हे मान्यच. पण माथ्यावर पोहोचल्यावर दिसणारी रंगीत घरे 'इटलीसारखी' आहेत एवढेच म्हणून परतणे, म्हणजे जाहिरात पुन्हा वाचून दाखवणे होय.

यावर आमचेच एक सहकारी म्हणतात, "अहो सर, आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन माणूस दोन दिवस मोकळ्या हवेत जातो. त्याच्या पाठीवर इतिहासाचे गाठोडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. धरणे नकोत असेही आमचे म्हणणे नाही; ज्या विजेवर ही मुंबई उभी राहिली, त्याच मुंबईच्या आधाराने आमच्या पिढ्या शिकल्या. पण आमच्या सहकाऱ्यांना आम्ही एक गोष्ट दाखवू इच्छितो. ते ज्या इमारतीत राहतात तिच्या नळाला पाणी कोठून येते?

मीरा-भाईंदरला गेली अनेक वर्षे स्टेम आणि एमआयडीसी यांच्या जलवाहिन्यांतून पाणी येत आले आहे, आणि ते मुख्यतः उल्हास नदीतून उचलले जाते. उन्हाळ्यात उल्हासला स्वतःचा प्रवाह फारसा नसतो. तिला जिवंत ठेवते ते बारवी धरणाचे पाणी आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी. हे दुसरे पाणी ठोकरवाडीचे, म्हणजे आंध्रा नदीचे आहे. आंध्रा ही मुळात पूर्ववाहिनी. इंद्रायणीला मिळणारी, देहू-आळंदीवरून भीमेत आणि पुढे कृष्णेत जाणारी. धरणाने तिचे पाणी अडवून बोगद्याने पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले. जे पाणी पंढरपूरच्या वाटेवरचे होते, त्याचा काही अंश केबिन रोडच्या टाक्यांत येतो. तेव्हा आंदर मावळातला तो निळा फुगवटा पाहणारा भाईंदरकर परक्या देशातले दृश्य पाहत नसतो. तो स्वतःच्या घराची टाकी पाहत असतो.

हे पाणी कोणी सोडले, याची आठवण अजून ताजी आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले; पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी गुळगुळीत केली असली तरी धरणाकाठच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत ती अजून खरी ठरते. आणि मीरा-भाईंदर व वसई-विरारसाठी आखलेली सूर्या योजना पाहिली, तर पालघरच्या आदिवासी भागातही हाच प्रश्न उभा आहे.

येथे सायकलीचे महत्त्व आम्हांस वाटते. मोटारीतून बोरघाट चढताना उंची कळत नाही. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे सायकल रेटताना ती मांड्यांना कळते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे देऊळ, असे लोककथा सांगते. त्या वाटेवरून लाखो माणसे गेली, वाट दाखवणारा मात्र एका छोट्या देवळापुरता उरला. ज्या उंचीवरून पाणी कोसळते आणि वीज होते, जवळपास तीच उंची आपण पायांनी चढतो. पाणलोट म्हणजे काय, नदी पूर्वेची पश्चिमेला वळवणे म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून समजते त्याहून या चढात अधिक समजते. सायकल रस्त्यावरच्या माणसाला हाक मारण्याइतकी सावकाश चालते, आणि एका दिवसात नदीचे निम्मे खोरे पार करण्याइतकी वेगवानही असते. नदी वाचायला एवढी गती पुरेशी आहे.

म्हणून सायकलस्वार मित्रांना आमची विनंती एवढीच आहे. जाण्याआधी नकाशात किलोमीटर आणि चढ पाहता, तशी नदीही पाहा. ती कोठून येते, कोठे अडते, कोणाकडे जाते. धरणाच्या काठी चहा घ्याल तेथे समोरच्या पाण्याखाली कोणते गाव होते ते विचारा. परतल्यावर लिहाल तेव्हा 'मिनी स्वित्झर्लंड'ऐवजी त्या माणसाने वापरलेला शब्द लिहा. आनंद याने उणावत नाही, असा आमचा अनुभव आहे. फुगवट्यावर संध्याकाळचे ऊन तितकेच सुंदर पडते. फक्त त्या पाण्याशी आपले नाते पाहुण्याचे न राहता देणेकऱ्याचे होते, आणि देणेकऱ्याने निदान सावकाराचे नाव तरी नीट उच्चारावे.