भोंगा थांबला तेव्हा

चीनमध्ये १९६६ साली सांस्कृतिक क्रांती पेटली आणि शाळकरी मुलींनी वेण्या कापून लष्करी गणवेश चढवले, कमरेला पट्टे आवळले. बाईपणाचे जुने नियम मोडले खरे. पण नवा नमुना पुरुषाचाच होता, मुलींनी त्यात मावायचं होतं.

आपल्याकडे, मुंबईत, मर्दपणाच्या नमुन्याला बसलेला हादरा १८ जानेवारी १९८२ चा. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कॉटन ग्रीनच्या हिरव्या कॉटन एक्स्चेंजपासून लालबागच्या चाळींपर्यंत सगळा संसार कापसावर चालायचा. गिरणगावात मर्द म्हणजे पाळीवर जाणारा माणूस. गिरणीचा भोंगा थांबला आणि पोरांना बाप भर दुपारी घरात दिसू लागला, तोच पेपर तिसऱ्यांदा वाचताना. बापामागून साच्यावर लागायची वाटही बुजली. मग पोरांनी मर्दपणा नाक्यावर शोधला, शाखेत शोधला, काहींनी टोळीत.

आई मात्र आधीपासून कमावतच होती. प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते १९७५ मध्ये, संपाच्या सात वर्षं आधी. पण घरात त्या कमाईला म्हणायचं काय, तर ‘हातभार’! संपात त्याच हातभारावर चुली पेटल्या. शब्द काही बदलला नाही.

संपावर पुस्तकं आली, नाटक-सिनेमे आले, बहुतेक बापांचे आणि पोरांचे. त्या घरांतल्या मुली तेव्हा काय होऊ पाहत होत्या? ताईंनो, लिहून पाठवा. वहीच्या पानावर, पेन्सिलीनं लिहिलेलंही चालेल.