इराण्याच्या हॉटेलाची उघडी दारे

जुन्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर नवी हॉटेले सजवण्याची टूम हल्ली निघाली आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, पाटीवर जुन्या वळणाची अक्षरे. दिसायला सारे झकास! पण आत बसून शेजारच्याशी दोन वाक्ये बोलून पाहा. घसा ताणावा लागतो. माझ्या मते ही सजावट अर्धीच आहे.

मित्रांनो, संगमरवर, काच, फरशी, गिलावा हे सारे कठीण पदार्थ. त्यांच्यावर आदळलेल्या ध्वनीचा शेकडा दोन-तीन भागच शोषला जातो, बाकीचा परत फिरतो. मग १९०४ सालच्या कयानीसारख्या हॉटेलांतही हेच पदार्थ होते, त्याचे काय? तर तिथली दारे पाहा. इराण्याचे हॉटेल बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर, दोन बाजूंनी सताड उघडे. रस्त्याचा गलका आत येई हे खरे, पण आतला आवाज घुमत राहत नसे. उघड्या दारातून गेलेला ध्वनी परतत नाही. म्हणजे ते दार पूर्ण शोषकच झाले. १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाच्या घुमण्याचा अभ्यास करणाऱ्या वॉलेस सॅबिन यांनी शोषण मोजायला उघड्या खिडकीचेच एकक घेतले होते.

नव्या हॉटेलाने आरसे उचलले आणि वातानुकूलनासाठी दारे मात्र बंद केली!

थोडे गणित करू. सॅबिन यांच्या सूत्राप्रमाणे निनादकाल (सेकंदांत) म्हणजे ०.१६ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. १० मीटर लांब, ६ रुंद, ४ उंच खोलीचे घनफळ २४० घनमीटर, सर्व पृष्ठभाग २४८ चौरस मीटर. शेकडा दोन धरल्यास शोषण ५. चाळीस गिऱ्हाइकांचे, माणशी अर्धा धरून, २०. एकूण २५, निनादकाल सुमारे दीड सेकंद. तेवढ्यात आपण सहा-सात अक्षरे बोलून जातो, ती सारी एकमेकांत मिसळतात. आता फक्त छताला शेकडा सत्तर शोषण करणारे आवरण लावा. शोषण ६६ वर जाते, निनादकाल ०.६ सेकंदावर येतो.

शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवले. एक टेबल चढले की दुसरे चढते. यात सर्वांत हाल कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचे. घरची मंडळी हसतात, ते नुसते ताटाकडे पाहत राहतात.

गजबज म्हणजे चालता धंदा, असे मालक म्हणतात. मला ते पटत नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या सारी टेबले दिसावीत म्हणून आरसे कुठे लावायचे, हे ज्यांना कळते, त्यांना हेही कळायला हरकत नाही. (तांबड्या दिव्याखाली हिरवी चटणी काळपट दिसते, ते निराळेच!) छताला सच्छिद्र तक्ते आणि टेबलांच्या खालच्या अंगाला जाड नमदा लावला, तर पाटी, आरसे, खुर्च्या यांना हातही लावावा लागत नाही.

तुमच्या शाळेचा रिकामा वर्ग यापेक्षा फारसा वेगळा नाही. तिथे एकदा टाळी वाजवून पाहा, आणि मुले बसल्यावर पुन्हा.