रायगड कोणी जाळला, तेही सांगा

या आठवड्यात एका मराठी वाहिनीने युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या वारशावर अर्धा तास दिला. २००१चे बामियान, २०१५चे पामिरा, १९९३मध्ये पाडलेला मोस्तारचा पूल. प्रत्येक ठिकाणी पाडणाऱ्याचे नाव पडद्यावर ठळक होते, आणि ते तसेच असायला हवे. मग रायगड आला. निवेदकाने सांगितले, काळाच्या ओघात इथले वाडे नष्ट झाले. मला संताप आला.

१८१८मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडाला वेढा घातला, पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि गडावरचे वाडे पेटले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावरच होत्या. १० मेला गड शरण गेला. हे सारे इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी जे लपवले नाही, ते आपण का झाकतो?

काळ काय करतो हे पाहायचे तर आमच्या जयगडला या. हा किल्ला त्याच वर्षी जूनमध्ये लढाईविना इंग्रजांकडे गेला. विजापूरकरांच्या काळापासून तो शास्त्री नदीच्या मुखाशी खारा वारा आणि कोकणातला पाऊस सोसतो आहे. आतले बांधकाम ढासळले, पण खंदक, दरवाजा, बुरूज जागेवर आहेत. जयगडचा तट दगडी आणि रायगडच्या वाड्यांत लाकूडकाम फार, हा फरक मला मान्य आहे. पण पावसाने लाकूड कुजते, पेटत नाही. रायगडावर आज जोती उरली, त्यात तोफांचा वाटा मोठा आहे.

ड्रोनवर मी या सदरात पुष्कळदा लिहिले, पुन्हा लिहितो. जुलै २०२५मध्ये रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा वाहिन्यांनी आकाशातून गड फिरवून दाखवले. इतक्या उंचीवरून जोती सुंदरच दिसतात. त्यांवरचे वाडे कुठे गेले, हा प्रश्न खाली उतरल्याशिवाय पडत नाही.

पाडणाऱ्याचे नाव सांगण्याचा हा नियम एकतर्फी मात्र नको. १७९१मध्ये म्हैसूरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. रायगडाच्या बातमीत प्रॉथरचे नाव मागणाऱ्या प्रत्येक मराठी संपादकाने शृंगेरीच्या बातमीत आपल्या फौजेचे नाव तितक्याच ठळक टाइपात छापले पाहिजे.