दुधाच्या कारखान्याची शिखरं

आचरा म्हटलं की कोणाही मालवणी माणसाला आधी गावपळण आठवते. तीन दिवस अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर. त्याच आचऱ्यात १९१६ साली जन्मलेल्या आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांचं नाव मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही. पुणेकर रोज ‘एनआयबीएम रोड’वर वाहतुकीत अडकतात, ज्या संस्थेवरून रस्त्याला हे नाव पडलं, तिचा परिसर कानविंद्यांच्या कार्यालयाने आखला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? आपल्याकडे आर्किटेक्टचं नाव विचारायची रीतच नाही. फ्लॅट घेताना बिल्डर कोण ते विचारतो, वास्तुशांतीला गुरुजी कोण ते विचारतो. आर्किटेक्ट काय, असतो कुणीतरी.

कानविंदे जेजेमध्ये शिकत होते तेव्हा मरीन ड्राइव्हवर गोलाईदार गॅलऱ्यांचे फ्लॅट उभे राहत होते आणि मुंबईला ‘मॉडर्न’ म्हणजे तेच वाटत होतं. १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. तिथे शिकवायला वॉल्टर ग्रोपियस, म्हणजे ज्यांनी १९१९ मध्ये वायमारला बाउहाऊस काढलं आणि नाझी आल्यावर ज्यांना जर्मनी सोडावी लागली ते. ग्रोपियसचं सांगणं थोडक्यात असं, की इमारत बाहेरून कशी दिसेल ते नंतर. आत कोण वावरणार, काय करणार, तिथून आखणी सुरू करा.

ही शिकवण घेऊन परतल्यावर कानविंद्यांनी अहमदाबादला कापड गिरण्यांच्या संशोधन संस्थेची, ‘अटिरा’ची, इमारत केली. स्वच्छ, काटकोनी, सपाट छपराची. नव्या देशाला विज्ञान हवं होतं आणि विज्ञानाला साजेसं घर हवं होतं, ते तिने दिलं. पण माझ्या मते त्यांचं खरं काम तिथे नाही. ते कानपूरला सुरू होतं.

कानपूर आयआयटीचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. १९५९ मध्ये संस्था सुरू झाली आणि परिसर आखायचं काम कानविंद्यांकडे आलं. उन्हाळ्यात तिथे लू चालते. विद्यार्थ्याला दिवसातून पाचसहा वेळा या इमारतीतून त्या इमारतीत जावं लागणार. कानविंद्यांनी वाचनालय, व्याख्यानगृहं, विभाग हे सगळं लांबलचक, छत असलेल्या मार्गांनी जोडलं. मार्ग दोन पातळ्यांवर: वरूनही जा, खालूनही जा, डोक्यावर सावली आहेच. मोटारी बाहेरच्या बाहेर. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवला आणि मधल्या भिंती विटांच्या केल्या, त्यालाही गिलावा नाही. फोटोत या इमारती रुक्ष दिसतात हे मान्य. पण त्या फोटोसाठी बांधलेल्याच नाहीत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथून चालणाऱ्यासाठी बांधल्या आहेत.

माझी सर्वांत आवडती मात्र मेहसाण्याची दूधसागर डेअरी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. दूध तापवणं, यंत्रं धुणं, वाफ, दमट उकाडा, त्यात गुजरातचं ऊन. पंखे लावून हे भागलं नसतं. मग छतावर उंच चौकोनी धुरांडी काढली. गरम हवा वर चढते आणि त्यांतून आपसूक बाहेर पडते. लांबून पाहिलं तर कुठल्यातरी मोठ्या देवस्थानाची शिखरं दिसावीत. कारखान्याला कोणी शोभा आणायला गेलं नव्हतं, गेले होते ते हवा बाहेर काढायला.

‘सिमेंटचे खोके’ म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो ती तालुक्यातालुक्यातली सरकारी कार्यालयं या घराण्यातली नव्हेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी सपाट छप्पर उचललं, कारण ते स्वस्त. ऊन कुठून येतं, वारा कुठून शिरतो, माणूस कुठून चालतो, हे गणित टाकून दिलं. पश्चिमेच्या खिडकीवर वीतभर छज्जा आणि आत कारकुनाने काचेला चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद, हे दृश्य कोणी पाहिलेलं नाही? पुढे तर छज्जाही गेला आणि पश्चिमेला सबंध काच आली, आतला एसी वीज ओढत बसला. दोष मात्र सगळा ‘मॉडर्न’च्या माथी.

आता या इमारतींचं वय झालंय, आणि जपणुकीचे नियम त्यांच्या बाजूचे नाहीत. दिल्लीचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शनगृह १९७२ चं: राज रेवाल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी गणित, आत एकही खांब नव्हता. वारसा समितीने साठ वर्षांखालच्या इमारतींचा विचार करायला नकार दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात ते पाडलं. २०२० च्या अखेरीस अहमदाबादच्या आयआयएमने अमेरिकी आर्किटेक्ट लुई कानच्या अठरापैकी चौदा वसतिगृह इमारती पाडायचं ठरवलं, तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि निर्णय तेवढ्यापुरता मागे घ्यावा लागला. कानच्या बाजूने जग उभं राहिलं. कानविंद्यांच्या बाजूने कोण राहील? ते आपल्यातले, त्यामुळे बहुधा कोणीच नाही.

आणि पाडण्याचीही वाट पाहावी लागत नाही. उघड्या काँक्रीटमध्ये पाणी मुरतं, सळया गंजून फुगतात, सळयांवरचा काँक्रीटचा थर सुटून पडतो. दुरुस्ती करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे सरसकट गिलावा आणि वर फिका पिवळा रंग. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ, विटांचे सांधे, सगळं एका हंगामात झाकलं जातं. साठ वर्षांचीच अट धरली तरी कानपूरच्या पहिल्या इमारती आता तिच्यात बसतात. त्यांच्या डागडुजीचं टेंडर निघेल तेव्हा गिलाव्याचं कलम घालण्याआधी कोणीतरी मूळ नकाशे मागवावेत आणि जुन्या काँक्रीटची दुरुस्ती येणारा ठेकेदार शोधावा. एनआयबीएमच्या फाटकाआतही हेच लागू आहे.