संगणकातील खडक आणि पोहांगचा भूकंप

दक्षिण कोरियातील पोहांग या औद्योगिक शहराला १५ नोव्हेंबर २०१७ रोजी सुमारे साडेपाच क्षमतेच्या भूकंपाने हादरविले. शेकडो लोक बेघर झाले. दुसऱ्या दिवशी होणारी देशव्यापी विद्यापीठ प्रवेश परीक्षा आठवडाभर पुढे ढकलावी लागली. निसर्गाचा कोप म्हणून ही घटना विस्मरणात गेली असती. परंतु शासकीय चौकशीसाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी मार्च २०१९ मध्ये निराळाच निष्कर्ष मांडला. भूगर्भातील उष्णतेपासून वीज मिळविण्यासाठी चार किलोमीटरहून खोल विवरांत प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला चिरा पाडल्या जात होत्या. त्या दाबाने एक सुप्त प्रस्तरभंग सरकला होता. हेतू स्वच्छ ऊर्जेचा होता, हे येथे विसरता येत नाही.

अशा कामात संगणकावर आधी खडकाची प्रतिकृती उभी करतात. खडकाचे असंख्य लहान भाग कल्पून प्रत्येकातील ताण, सच्छिद्रता, तापमान व नैसर्गिक भेगा यांचे आकडे भरले जातात आणि पाण्याच्या दाबाने चीर कोठवर जाईल, याचे गणित यंत्र करते. चीर सामान्यतः किमान ताणाच्या दिशेशी काटकोन करून पसरते, हे तत्त्व पक्के आहे. मात्र तो ताण किती व कोणत्या दिशेने, हे संगणकाला सांगावे लागते. सोडलेल्या पाण्याच्या प्रमाणातच भूकंपाची कमाल क्षमता राहते, असा एक हिशेब तेव्हा प्रचलित होता. पोहांगला सोडलेले पाणी त्या हिशेबाच्या शेकडो पटींनी कमी होते. प्रस्तरभंग आधीच ताणाच्या टोकाला पोहोचलेला होता. पाणी केवळ निमित्त ठरले. वास्तविक एप्रिल २०१७ मध्येच ३.२ क्षमतेचा धक्का बसून इशारा मिळाला होता. तरीही ऑगस्टमध्ये पाणी सोडणे पुन्हा सुरू झाले. हा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

महाराष्ट्राला हे भूविज्ञान परके नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा तेथे कोणी खडक फोडत नव्हते; पण जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपणारे पाणी यांचा संबंध पुढे जगभर अभ्यासिला गेला. भेगेतील पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंच्या खडकांची एकमेकांवरील पकड सैल होते, हे सूत्र दोन्हीकडे एकच. त्याच अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टच्या थरांखाली तेथे ग्रॅनाइटी खडक लागला आणि कराडच्या केंद्रीय प्रयोगशाळेला प्रत्यक्ष नमुने हाती आले. गणन-प्रणाली परदेशातून विकत आणता येते. सह्याद्रीच्या पोटातील ताणाचे आकडे मात्र येथेच मोजावे लागतात. हे काम खर्चिक आहे, आणि त्याचे उद्घाटन-सोहळेही होत नाहीत. कोयनेच्या अनेक भूकंपांचे उगम या विवराच्या तळाहूनही खोल आहेत. तेथवर पोहोचणारे विवर खोदले जाईपर्यंत त्या खोलीवरील प्रतिकृतीत अनुमानाचेच आकडे भरावे लागतील.