वाळवून आणलेला माणूस

सोळा तालुके / तिऱ्हाईत

‘लग्न झालंय, मुलगी आहे, पतसंस्थेत रोखपाल आहात, माझ्याकडे बघून बोलताय. मग कसला ऑटिझम?’ एवढं ऐकवून एका डॉक्टरांनी दारव्हा तालुक्यातल्या चौतिशीच्या माणसाला पाच मिनिटांत वाटेला लावलं. सरकारी तपासणी अठराव्या वर्षी जिथे थांबते, त्या भिंतीबद्दलचा माझा लेख वाचून गडी तपासणीला गेला होता. परत आल्यावर त्यानं मला पत्र लिहिलं. समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक घालून. तपासून ‘नाही’ म्हटलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. न तपासता म्हटलं, म्हणून हा आठवडा त्या डॉक्टरांच्या नावे.

सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ज्यानं कापसाची गाडी उभी केली आहे, त्याला हा प्रकार चटकन समजेल. ग्रेडर गाडीजवळ येतो, कापसात मीटर खुपसतो, आकडा वाचतो. आर्द्रता 8 टक्क्यांच्या आत असली तर पूर्ण हमीभाव, वरच्या प्रत्येक टक्क्याला कात्री आणि 12 च्या वर गेली की गाडी परत. म्हणून शेतकरी दवात वेचलेला कापूस अंगणात पसरतो, त्याला चांगली उन्हं देतो आणि मगच गाडी भरतो. मीटर खोटं बोलत नाही. पण तोच कापूस वेचताना किती ओला होता, हे त्याला विचारायची सोयही नाही.

आमच्या वाचकानं स्वतःला शाळेपासून असंच उन्हात घातलं आहे. नजरेला नजर देणं जमत नाही, म्हणून तो समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघतो. कॉलेजात असताना आरशापुढे त्याचा सराव केला. काउंटरवर बोलायची वाक्यं पाठ आहेत : ‘वेचणी आटोपली का?’, ‘यंदा बोंडअळी कशी काय?’ समोरून उत्तर काहीही येवो, दुसरं वाक्य ठरलेलंच. लग्नात पहिल्या पंगतीला जेवतो आणि डीजे लागायच्या आत गाडीला किक मारतो. घरी आला की अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, तोवर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. हे फक्त बायकोला माहीत. त्याच्या काकांचा निकाल तर डॉक्टरांच्याही आधी लागलेला : ‘सारं तं झालं तुयं, आता हे काय नवीन काढलं बे?’ डॉक्टरांच्या टेबलासमोर बसला तो हा वाळवलेला माणूस. आकडा बाराच्या आत. पुढचा!

ऑटिझमचं सरकारी मीटर बघायचं तर ‘आयसा’ बघा, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. 40 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 झाली की ऑटिझम आणि दाखल्यापुरतं 40 टक्के दिव्यांगत्व. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं आरक्षण तिथूनच पुढे. विधानं लिहिताना डोळ्यांपुढे मूल होतं, हे वाचताक्षणी कळतं. एकट्यानं तोच तोच खेळ खेळत बसतो का, असं त्यात आहे. रोखपालाच्या बाबतीत नोटा मोजणं खेळात धरायचं काय? शिवाय आमच्या माणसाला दाखला नकोच होता. आपण असे का आहोत, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण 2024 मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यांचं प्रकरण गाजल्यापासून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचं नाव काढणारा प्रत्येक जण सवलत लाटायलाच आलाय, असं आपण धरून चाललो आहोत.

कापसाची गोष्ट इथवरच चालते. कापूस किती ओला होता हे गाडी उभी राहिल्यावर कळायला मार्ग नसतो. माणसाच्या बाबतीत असतो. ऑटिझम तिशीत जडत नाही, तो लहानपणापासूनच असतो. म्हणून निदान करताना बालपण खोदावं लागतं. बोलायला कधी लागला, पिठाच्या गिरणीपाशी कान झाकायचा का, मधल्या सुट्टीत कुठे असायचा. ही उत्तरं आईकडे असतात आणि ती काढायला निवांत वेळ लागतो. त्या दिवशी याची आई बाहेर बाकावर पिशवी धरून बसली होती. तिला कोणी आत बोलावलं नाही.

माझं जुनं पालुपद इथे आळवल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी दर जिनिंगमध्ये असा एक मुनीम असायचाच. कोणाशी बोलायचा नाही, पण दहा वर्षांपूर्वीच्या गाठींचा हिशेब तोंडपाठ. शेटजी त्याला सांभाळून घ्यायचे, निदानाचं नावही न काढता. आता रोखपालानं हसतमुखानं विम्याची पॉलिसीही विकायची असते. तपासणीला माणसं येऊ लागली ती उगाच नाही.

भिंत मात्र जागच्या जागी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरापर्यंत बघतो. पुढे ज्याचा तो. इंग्लंडनं 2009 मध्ये ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी कायदा केला. रांगा तिथेही लांबच लांब आहेत, पण रांग आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करणं नवं नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी ते केलं आहे. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातली एक दुपार प्रौढांसाठी राखायला ना यंत्र लागतं, ना इमारत. फीत कापायला काही नाही, त्यामुळेच ते अडेल, ही माझी भीती.

तोवर ज्यांना स्वतःबद्दल शंका आहे त्यांनी आईकडे, मावशीकडे बसावं. या बाया साठी-सत्तरीच्या आहेत. हे दप्तर दुसरीकडे कुठे मिळणार नाही. त्या सांगतील ते वयासह लिहून घ्या, जुनी प्रगतिपुस्तकं जोडा आणि दोन पानं टाइप करून सोबत न्या. माणसापुढे न थांबणारे डॉक्टर कागदापुढे थांबतात.