नकलेचा शनिवार

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्याच पावसात आमच्या शाळेच्या कचेरीतील संगणक विजेच्या तडाख्याने निकामी झाला. दुसऱ्याच दिवशी एक माजी विद्यार्थी जन्मतारखेचा उतारा मागावयास आला. नोकरीसाठी कागदपत्रे देण्यास त्याला तीनच दिवस उरले होते. मूळ प्रवेश नोंदवहीची ती पाने वाळवीने केव्हाच फस्त केलेली. तत्पूर्वी घेतलेली त्यांची छायाचित्रे होती, पण ती त्याच संगणकात. “सर, म्हणजे मी जन्मलोच नाही की काय?” तो हसत म्हणाला. मला हसू आले नाही. सुदैवाने आमच्या कारकुनांनी चार महिन्यांपूर्वी सहज म्हणून एका पेनड्राइव्हवर ती छायाचित्रे उतरवून ठेवली होती, म्हणून निभावले.

बीदरकरांना हे नवीन नाही. महमूद गावानने १४७२ साली उभारलेल्या मदरशात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग ढासळला. आज एकच मिनार उभा आहे. मराठीच्या अभ्यासकाला येथे ‘लीळाचरित्र’ आठवल्यावाचून राहत नाही. मूळ पोथी धामधुमीत गेली आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. पाठभेद वाढले, पण ग्रंथ राहिला. आमच्या नोंदवह्या मात्र कोणी मुखोद्गत केलेल्या नाहीत, आणि १९५६ पूर्वीची उर्दूतील पाने वाचू शकणारेही आता गावात विरळाच.

तेव्हा आम्ही एक परिपाठ घातला. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. सुटीनंतर कारकून सर्व माहिती एका बाह्य डिस्कवर उतरवितात. अशा डिस्का दोन. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरी. नुकतीच भरलेली डिस्क माझ्या घरच्या कपाटात जाते, कारण कचेरीला आग लागली तर कचेरीतील नक्कलही जळणारच. काम होताच डिस्क संगणकापासून अलग करावयाची, हे मी वारंवार बजावतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रणालीने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली, ब्रिटनची इस्पितळेही त्यातून सुटली नाहीत. डिस्क जोडलेलीच राहिली, तर अशा वेळी तीही कुलपात जाते.

आणखी एक खोच अनुभवाने कळली. चुकून पुसलेली नोंद नव्या नकलेतही पुसलेलीच उतरते. म्हणून महिनाअखेरची प्रत आम्ही वेगळ्या नावाने वर्षभर राखतो. मुलांची माहिती खाजगी असल्याने डिस्कांना परवलीचा शब्द घातला आहे. तो लाखबंद पाकिटात तिजोरीत असतो. (शब्द कोणता, हे शिपायापासून सर्वांनी मला विचारून झाले!)

महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या संगणकावर नकलेतील एखादी नोंद उघडून पाहतो. श्रावणात असे पाहताना एका डिस्केतील निम्मी छायाचित्रे उघडेनात. कारकुनांचा चेहरा उतरला. दुसरी डिस्क माझ्या घरी होती. शिपाई सायकलवरून जाऊन ती घेऊन आला. तीवरची सारी छायाचित्रे उघडली. बिघडलेल्या डिस्केऐवजी नवी घेण्याचा खर्च शाळेच्या किरकोळ खर्चात कसा बसवावा, यावर सध्या आमचा खल चालू आहे.